ग्राइंडरची लॉक पिन परत परत तुटतेय? नवी पिन टाकायच्या आधी हे बघा

चकती बदलायला बटन दाबलं, पाना लावला, जोर दिला, कट्ट आवाज आला आणि बटन एकदम ढिलं पडलं. चकतीचा दांडा (स्पिंडल) अडवून धरणारी लॉक पिन तुटली. दुकानात नवी पिन टाकून घेतली, थोडे दिवस चाललं आणि परत तेच. आम्ही नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत ग्राइंडर, ड्रिल, राउटरचे गिअर हेड (मोटरच्या पुढचा गिअरचा डबा) रिपेअर करतो आणि गरज पडली तर पिन, बुश (भोकात बसवायची नळी) वगैरे स्वतः डिझाइन करून बनवतो. तुर्भे, महापे, दिघा, तिकडं वागळे इस्टेट, घोडबंदरच्या साइट्स, सगळीकडून हीच तक्रार येते आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "दादा फक्त पिन टाकून द्या, संध्याकाळी साइटवर जायचंय." पिन टाकून देणं दहा मिनिटांचं काम आहे, पण ती परत तुटणार हे आम्हाला दिसत असतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

थोडक्यात सांगायचं तर पिन तुटायची कारणं तीनच: एकतर चकतीचा नट गरजेपेक्षा खूप जास्त आवळला जातोय, नाहीतर मशीन पूर्ण थांबायच्या आत बटन दाबलं जातंय, नाहीतर पिन ज्या ॲल्युमिनियमच्या भोकात सरकते ते भोकच गेलंय. यातलं कुठलं आहे ते शोधल्याशिवाय नवी पिन टाकू नका.

सगळ्यात आधी प्लग काढा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा. आणि पिन तुटलीय हे कळल्यावर "बघू चालतंय का" म्हणून मशीन अजिबात चालू करू नका, कारण तुटलेलं टोक आत गिअर हेडमध्येच पडलेलं असतं, ग्रीसमध्ये अडकून बसतं आणि दोन गिअरच्या मध्ये आलं की दाते जातात, कधी कधी हाउसिंगला (गिअरभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या कवचाला) तडा जातो. पन्नास-शंभर रुपयांच्या पिनपायी अख्खं गिअर हेड गेलेली मशीन आमच्याकडं येतात. हेड उघडा, ग्रीस पुसून काढा, टोक सापडलंच पाहिजे. चुंबक फिरवून बघा, पिन लोखंडी असते, लागते लगेच.

आता हे लॉक काम कसं करतं ते नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. स्पिंडलवर मोठा बेव्हल (तिरक्या दात्यांचा) गिअर बसवलेला असतो, त्याला एक-दोन किंवा जास्त भोकं असतात, काही मशीनमध्ये स्पिंडलवर वेगळी खाच असलेली प्लेट असते. बटन दाबलं की हाउसिंगमधून पिन खाली सरकते आणि त्या भोकात शिरते, सोडलं की स्प्रिंग तिला वर ओढते. बस, एवढंच. गिअर फिरू नये म्हणून पिनचं दोन-तीन मिलिमीटर टोक तेवढं आत असतं, आणि तुम्ही पान्यावर जेवढा जोर लावता तो सगळा त्या टोकावर येतो.

तुटलेली पिन टाकून देऊ नका, तिच्याकडं बघितलं की निम्मं कळतं. टोकाची कड गोल झालेली, चेपलेली, आणि गिअरच्या तोंडावर दोन भोकांच्या मधल्या जागेत घासल्याची चकचकीत रिंग दिसत असेल तर मशीन फिरत असताना बटन दाबलं गेलंय. पिन हाउसिंगच्या तोंडाशी वाकून तुटलीय आणि गिअरवर रिंग नाही, तर पान्याचा जोर जास्त झालाय. बटन आजूबाजूला डुगडुगतंय, तर हाउसिंगचं भोक अंडाकृती झालंय आणि त्यात नवी पिन टाकली तरी ती तिरकीच बसणार. चौथी केस थोडी फसवी: पिन चांगली आहे, बटन दाबलं की अडकते पण, तरी स्पिंडल फिरतोय. अशा वेळी स्पिंडलच्या टोकाला आणि गिअरला मार्करनं एका रेषेत खूण करा आणि परत फिरवून बघा. खुणा सरकल्या म्हणजे गिअरच स्पिंडलवर सरकतोय, प्रेस फिट (दाबून घट्ट बसवलेला जोड) ढिला झालाय किंवा चावी (गिअरला स्पिंडलशी अडवणारा छोटा तुकडा) कापली गेलीय, पिनचा इथं काही दोष नाही.

फिरत्या मशीनवर बटन दाबायचं जरा खोलात सांगतो, कारण यात लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. चार इंची मशीनचा स्पिंडल साधारण ११,००० आरपीएमनं फिरतो. गिअरचं भोक मध्यापासून १५ मिमीवर धरलं तर ते पिनसमोरून सेकंदाला १७ मीटर वेगानं जातंय. पिन ६ मिमी, भोक ७ मिमी, मोकळी जागा १ मिमी, म्हणजे पिनला आत शिरायला सेकंदाचा सतरा हजारावा भाग मिळतो. तेवढ्यात पिन केसाएवढीही आत सरकत नाही, नुसती वर घासत राहते. म्हणून फुल स्पीडला चुकून बटन दाबलं गेलं तर खर्र आवाज येतो आणि लोकांना वाटतं काही झालं नाही, लॉक मजबूत आहे. खरा घात होतो तो स्विच बंद केल्यावर, चकती थांबत आलेली असते तेव्हा. ३०० आरपीएमवर तेच भोक सेकंदाला अर्धा मीटरच सरकतं, वेळ मिळतो दोन मिलिसेकंद, आणि अंगठ्यानं दाबून धरलेली पिन तेवढ्यात खटकन आत जाते. चकती हळू दिसते म्हणून आपण बिनधास्त असतो, पण तिच्या मागं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) तीन-चार पट वेगानं फिरत असतं आणि त्याचं जडत्व स्पिंडलवर गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गानं येतं, म्हणजे गुणोत्तर ३ असेल तर ९ पट. हे सगळं वजन एका झटक्यात त्या दोन मिलिमीटर टोकावर येऊन आपटतं. साइटवर दिवसभरात चकत्या बदलायची घाई असते, पोरं बटन आधीच दाबून धरतात आणि "थांबली की बसेल आपोआप" म्हणतात, नेमकं तेच नाही करायचं. चकती डोळ्यांनी थांबलेली बघा, प्लग काढा, मग बटन हलकं दाबून हातानं चकती फिरवा, पिन भोकात पडल्याचं अंगठ्याला कळतं.

आता नट. ग्राइंडरचे आटे असे ठेवलेले असतात की काम करताना नट सुटण्याऐवजी घट्ट होत जातो. चकती मालात अडली की स्पिंडल पुढं जायला बघतो, चकती नटाला मागं धरते, आणि नट आणखी आवळतो. म्हणून बसवताना पान्यानं दाबून आवळायची गरजच नसते, हातानं बसवून पान्यानं हलका एक टिचका पुरे. तरीही नट सुटत नसेल इतका घट्ट होतोय, तर आतली फ्लँज (चकतीच्या मागं बसणारी धातूची गोल बैठक) बघा. हे फार कमी लोक बघतात आणि आमच्या मते अर्ध्या केसेस इथंच सुटतात. बऱ्याच मशीनमध्ये आतल्या फ्लँजला दोन सपाट बाजू असतात, त्या स्पिंडलच्या सपाट भागावर बसतात, म्हणजे फ्लँज स्पिंडलसोबतच फिरते आणि चकतीचा निम्मा भार ती घेते. त्या सपाट बाजू झिजल्या, किंवा कुणी दुसऱ्या मशीनची गोल भोकाची फ्लँज टाकली, की फ्लँज मोकळी फिरते आणि सगळा भार नटावर जातो. मग प्रत्येक झटक्याला नट आवळत जातो आणि संध्याकाळी तो सोडवताना पिन जाते. फ्लँज बदला, फार पैसे लागत नाहीत. फ्लँजचं तोंड वाकलेलं, कचरा चिकटलेला असेल तरी तेच होतं. चकतीवरचा कागद फाडून टाकू नका, तो धातू आणि चकती यांच्यामध्ये पकड सारखी ठेवायला असतो. मार्बल-ग्रॅनाइटवाले डायमंड ब्लेड वापरतात, त्याला कागद नसतो, लोखंडावर लोखंड बसतं, म्हणून खारघर-उलव्याच्या फ्लॅटमध्ये फ्लोअरिंग करणाऱ्यांच्या मशीनमध्ये ही तक्रार जास्त येते असा आमचा अनुभव आहे. त्यांनी एम १४ (१४ मिमी) आट्यांचं मशीन असेल तर पाना न लागणारा नट घ्यावा, बॉशचा एसडीएस-क्लिक किंवा मकिताचा इझीनट तसले, तो हातानं सुटतो आणि लॉक पिनवर जोरच येत नाही. बॉशच्या एक्स-लॉक मशीनमध्ये तर नटच नाही, चकती दाबून बसते आणि खटक्यानं सुटते, पण त्याला चकत्याही त्याच लागतात.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतोय. चार इंचीला रिंग टाकून मोठी चकती लावणं, लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावणं, गार्ड काढून काम करणं, हे बंद करा. १८० मिमीची ८० मीटर प्रति सेकंदाची चकती जास्तीत जास्त ८,५०० आरपीएमला चालवायची असते, ती ११,००० च्या मशीनवर लावली तर फुटते, आणि तुकडे कुठं जातील सांगता येत नाही. दातेरी ब्लेड लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं, आणि त्या एका झटक्यात नट इतका आवळतो की पुढच्या वेळी पिन तुटलीच म्हणून समजा.

नट अडकलाय आणि पिन आधीच तुटलीय, तर काय करायचं? हातोडी आणि पंच मारून नट फिरवू नका, मार बेअरिंग आणि गिअरवर जातो. कापायची पातळ चकती झिजलेलीच असेल तर गॉगल आणि हातमोजे घालून ती पकडीनं तुकडे तुकडे करून काढा, नटाखालचं मटेरियल निघालं की दाब सुटतो आणि नट हातानं फिरतो. चकती जाड असेल किंवा डायमंड ब्लेड असेल तर आतल्या फ्लँजच्या कडेला पान्यासाठी सपाट जागा आहे का बघा, असेल तर तिथं पातळ ओपन पाना लावून धरा आणि दुसऱ्या पान्यानं नट सोडवा. गंजलेला असेल तर आट्यांत गंज सोडवायचं तेल टाकून थांबा, पण नंतर चकतीच्या आणि फ्लँजच्या तोंडावरचं तेल पुसून घ्या.

इथून पुढचं ज्यांना पिन बनवायचीय किंवा गिअर हेड डिझाइन करायचंय त्यांच्यासाठी. डिझाइन करणारी नवीन पोरं येतात ती पिनचा फक्त शिअर (आडवा कापणारा ताण) काढतात आणि म्हणतात भरपूर आहे. हिशोब बघा. कंपनीचा पाना साधारण १५० मिमी धरा, माणूस ४०० न्यूटन म्हणजे चाळीसेक किलो जोर लावतो, टॉर्क झाला ६० न्यूटन मीटर. भोक १५ मिमी त्रिज्येवर, म्हणजे पिनवर ४,००० न्यूटन. ६ मिमी पिनचं क्षेत्रफळ २८ चौरस मिमी, शिअर १४१ मेगापास्कल, काहीच नाही. पण हाउसिंगचं तोंड आणि गिअर यांच्यात फट असते, ती १.५ मिमी धरा, पिन गिअरमध्ये २ मिमी शिरते, म्हणजे जोर हाउसिंगच्या तोंडापासून २.५ मिमीवर लागतोय. पिन वाकतेय! बेंडिंग (वाकवणारा ताण) काढलं तर ४७० मेगापास्कल येतं, शिअरच्या तिप्पट. आता कुणी पान्याला दीड फुटाचा पाइप लावला तर टॉर्क तिप्पट, बेंडिंग १,४०० च्या वर. ४० एचआरसीच्या (एचआरसी म्हणजे कडकपणाचं माप) चांगल्या स्टीलची ताकदच साधारण १,२५० असते. पिन तुटणारच, कुणाचीही असो.

मग सुधारायचं काय? पहिलं म्हणजे फट. ती १.५ वरून ०.५ केली आणि पिन ३ मिमी आत नेली तर बेंडिंग ३८० च्या आसपास येतं, पिनचा व्यास तोच ठेवून. सोबत पिन ७ मिमी केली तर २४० वर, म्हणजे सरळ अर्ध्यावर. आणि भोक मध्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या, १५ ऐवजी २२ मिमीवर नेलं तर जोर ४,००० वरून २,७०० न्यूटनवर येतो, फक्त छोट्या हेडमध्ये तेवढी जागा नसते. रिपेअरमध्ये गिअर कडक असल्यामुळं भोक मोठं करता येत नाही, म्हणून आम्ही हाउसिंगचं अंडाकृती झालेलं भोक बोअर करून त्यात स्टीलचा बुश प्रेस करतो आणि बुशचं खालचं टोक गिअरकडं थोडं पुढं काढतो, फट आपोआप कमी होते. बुश टाकल्यावर गिअर हातानं फिरवून कुठं घासत नाही ना ते नक्की तपासा, बेअरिंगमध्ये थोडा प्ले असतो त्यासाठी जागा ठेवावीच लागते.

मटेरियलमध्ये एक चूक बाजारात सर्रास दिसते, बेअरिंगचा रोलर किंवा तुटलेल्या ड्रिल बिटचा तुकडा कापून पिन म्हणून टाकतात, कडक आहे म्हणून. कडक असतो पण ठिसूळ असतो, वाकत नाही, एकदम फुटतो आणि तुकडे गिअरमध्ये. आम्ही ईएन २४ (एक मिश्र स्टील) घेतो, हार्डनिंग करून ४० ते ४५ एचआरसीला टेम्पर करून आणतो. वाकली तरी चालेल, फुटायला नको. आणि पिनपेक्षा गिअर, हाउसिंग मजबूत ठेवा, काही गेलं तर सगळ्यात स्वस्त तेच जावं.

टोकाला चँफर (तिरकी कापलेली कड) ०.५ ते ०.८ मिमी पुरे. चँफर असला की पिन भोकात सहज शिरते आणि हळू फिरत्या गिअरवर थोडी बाहेर फेकली जाते, पण जास्त केला तर पाना लावल्यावर पिन वर सरकते, अंगठ्याला बटन ढकलल्यासारखं लागतं आणि लॉक सुटतं. सरळ भाग दोन मिमी तरी भोकात गेलाच पाहिजे.

स्प्रिंग आणि ओ-रिंगकडं (पिनभोवतीच्या रबरी रिंगकडं) कुणी बघत नाही. पिन वर येत नसेल तर ती गिअरला टेकून राहते, चालवताना टिक-टिक आवाज येतो, बटनाजवळ हाउसिंग गरम होतं. कारण बहुतेक वेळा लोखंडाची धूळ आणि ग्रीस यांची झालेली पेस्ट, आणि आपल्याकडं पावसाळ्यात खाडीच्या दमट हवेत गंजलेली स्प्रिंग. स्टेनलेसची स्प्रिंग टाका. गिअर हेड थिनरनं धुऊ नका, साधी काळी नायट्राइलची ओ-रिंग थिनरमध्ये फुगते आणि पिनला धरून ठेवते. रॉकेल किंवा डिझेल चालतं. धुतल्यावर पिनला ग्रीस अगदी हलकं लावा.

ड्रिलवाल्यांसाठी थोडं. कॉर्डलेस ड्रिलमध्ये बटन नसतं, चक (बिट धरणारा जबडा) हातानं फिरवला की स्पिंडल आपोआप लॉक होतो. आत बाहेरची गोल रिंग, मध्ये सपाट बाजूंचा कॅम आणि दोघांच्या मध्ये रोलर असतात. मोटर फिरली की ती रोलरला मोकळं ढकलते, चककडून फिरवलं की रोलर पाचरीसारखे अडकतात, ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात तसे. पाचरीचा कोन महत्त्वाचा. ग्रीस लागलेल्या स्टीलवर घर्षण ०.१ धरलं तर कोन ११ अंशांच्या आत हवा, आम्ही ७-८ धरतो म्हणजे मार्जिन राहतं. लॉक घसरत असेल तर रोलर झिजलेत किंवा कुणीतरी घट्ट ग्रीस भरलंय आणि रोलर त्यात चिकटून बसलेत. आणि ट्रिगर सोडल्यावर येणारा कट-कट आवाज, त्यानं घाबरू नका, मोटर ब्रेकनं लगेच थांबते, जड चक आणि बिट पुढं जात राहतं, रोलर क्षणभर अडकतात-सुटतात. मोठा होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) लावला की आवाज जास्त येतो. मात्र रिकाम्या चकला पण जोरात खडखडत असेल तर रोलर मोकळे धरणारी स्प्रिंग गेलीय, उघडून बघा.

रिपेअरला मशीन कुठंही न्या, सोबत आतली फ्लँज, नट, वापरात असलेला पाना आणि तुटलेली पिन सगळं घेऊन जा. पान्याची दोन टोकं वाकलेली असतील तर तो नटाच्या भोकात नीट बसत नाही, घसरतो, आणि मग माणूस हातोडी घेतो. नुसतं मशीन हातात दिलं तर रिपेअरवाला पिन बदलण्यापलीकडं फारसं काही बघू शकत नाही.